गाडीचं दुखणं : टाकीचं झाकण आणि मीटरमधला पिवळा दिवा

या वेळची पत्रं बघितली तर नंदुरबारपासून भुसावळपर्यंत लोकांनी जवळपास एकच गोष्ट लिहिलीय, पेट्रोल भरलं, दोन-तीन दिवस गेले, मीटरमधे पिवळा दिवा लागला, गॅरेजला गेलो तर मोठा खर्च सांगितला, आता काय करू. म्हणून या वेळी हा एकच विषय घेतलाय. खर्चाच्या आधी करून बघायच्या गोष्टी फुकटच्या आहेत आणि त्या घरच्या घरी होतात, त्यामुळे कृपा करून आधी त्या करा, मग खिशात हात घाला.

प्रश्न : भाऊ, माझी पेट्रोल एसयूव्ही आहे, चार वर्षं झाली. आम्ही तोरणमाळला गेलो होतो, येताना शहाद्याला टाकी फुल केली, आणि तिसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. गाडी चालायला एकदम ओके, पिकअप तोच, अ‍ॅव्हरेज तोच. स्कॅन केलं तर पी०४५७ कोड आला. मेकॅनिक म्हणतो कॅनिस्टर गेलं, सगळी असेंब्ली बदलावी लागेल. बदलू का? — एक वाचक, जळगाव

नका बदलू, निदान आज तरी नका. तुमच्याकडे कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर, आहे ही फार चांगली गोष्ट झाली, कारण पी०४५७ हा कोड सरळ सांगतो की पेट्रोलच्या वाफेच्या लाईनमधे कुठेतरी गळती आहे आणि टाकीचं झाकण सैल किंवा उघडं असावं असा संशय आहे. म्हणजे गाडी स्वतः झाकणाकडे बोट दाखवतेय आणि आपण कॅनिस्टर काढायला निघालोय.

आता हे नेमकं काय असतं ते सांगतो. पेट्रोल उभ्या गाडीतही उडतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत तर फारच. ती वाफ बाहेर हवेत सोडायची नाही असा नियम आहे, बंद खोलीत गाडी ठेवून ती किती वाफ सोडते ते मोजतात आणि आपल्याकडे मर्यादा एका टेस्टला २ ग्रॅमची आहे. म्हणून टाकीतली वाफ एका पाईपने कोळशाच्या डब्यात जाते, तोच तो कॅनिस्टर. त्यातला कोळसा वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व उघडला की ती वाफ इंजिनमधे ओढली जाऊन जळते. हे सगळं हवाबंद असायला पाहिजे, आणि या बंद लाईनचं रोज हाताळलं जाणारं एकमेव तोंड म्हणजे आपलं झाकण. ते नीट बसलं नाही की सगळी लाईन उघडी.

आता तिसऱ्याच दिवशी का? कारण ज्या गाड्यांत गळती तपासायची सोय असते त्या ही टेस्ट वाटेल तेव्हा करत नाहीत. बऱ्याच गाड्यांना टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मधे लागते, गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली लागते, आणि एकदा गळती सापडली तरी दिवा लगेच लावत नाहीत, दुसऱ्या फेरीत पुन्हा सापडली तर लावतात. तुम्ही टाकी फुल केली, लेव्हल खाली यायला वेळ लागला, मग टेस्ट झाली, मग परत झाली, आणि दिवा लागला. शहाद्याच्या पंपावर झाकण नीट लागलं नसणार असा माझा अंदाज आहे.

आता करायचं काय. गाडी सावलीत लावा, इंजिन बंद, झाकण हळूच काढा आणि उलटं करून हातात घ्या. आतल्या बाजूला काळी रबराची रिंग दिसेल. तिच्यावरून कोरडं बोट फिरवा. आपल्याकडे रिंगच्या खाचेत बारीक काळ्या मातीची धूळ बसते आणि पेट्रोलच्या ओलीने तिची चिकट पेस्ट होते, ती स्वच्छ कोरड्या कपड्याने पुसून काढा, ऑइल-ग्रीस काही लावू नका. मग रिंग नखाने हलकी दाबा, दबून परत वर आली तर ठीक, पण कडक लागली, एका बाजूने चपटी झाली असली किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर ती संपली. मग टाकीच्या नळीचं तोंड बघा, जिथे ही रिंग टेकते ती कड. तिथे गंज आहे का, नोझल आपटून पोचा पडलाय का. आणि एक गोष्ट हमखास सुटते, झाकणाला जी प्लास्टिकची दोरी असते ती लावताना झाकण आणि नळीच्या मधे अडकते, झाकण वरून घट्ट वाटतं पण एका जागी फट राहते. दोरी बाजूला करून झाकण टिकटिक आवाज येईपर्यंत फिरवा, काही झाकणांना एक टिक असते, काहींना तीन, तुमच्या मॅन्युअलमधे लिहिलेलं असेल.

एवढं केल्यावर दिवा लगेच विझणार नाही आणि इथेच लोक घाबरून परत गॅरेज गाठतात. गाडीला ओळीने तीन फेऱ्यांत टेस्ट पास झालेली दिसावी लागते, तेव्हा दिवा विझतो. त्यात बऱ्याच गाड्या बाहेरचं तापमान साधारण ३५ डिग्रीच्या वर असलं तर ही टेस्ट करतच नाहीत. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात दुपारी कितीही चालवा, काही उपयोग नाही. पहाटे, गाडी थंड असताना, टाकी अर्धीमुर्धी ठेवून एरंडोलपर्यंत वगैरे आरामात जाऊन या, असं आठ-दहा दिवस होऊ द्या. स्कॅनरने कोड उडवून दिवा घालवता येतो, पण मग झाकणाने खरंच काम केलं का ते कळत नाही, म्हणून दिवा आपोआप विझलेला मला जास्त पटतो. तरीही विझला नाही तर खाली पारोळ्याच्या वाचकाला दिलेलं उत्तर वाचा, कॅनिस्टरचा नंबर त्यातही शेवटी लागतो.

आणि हे सगळं दिवा स्थिर पेटलेला असेल तरच. तोच दिवा लुकलुकत असेल, गाडी मिसिंग मारत असेल, तर तो झाकणाचा विषय नाही, स्पीड कमी करा, ॲक्सिलरेटर दाबू नका आणि जवळच्या गॅरेजला लावा.

प्रश्न : माझ्या गाडीत पेट्रोल पंपाचं चित्र पिवळं पेटतं, शेजारी छोटा बाण पण आहे. झाकण उघडं राहिलं असं समजून मी दोनदा उतरून बघितलं, बंदच आहे. — एक वाचक, धुळे

तो रिझर्व्हचा दिवा आहे दादा, पेट्रोल भरा. बाण सांगतो की टाकीचं झाकण गाडीच्या कुठल्या बाजूला आहे, तो कायम तिथेच असतो. झाकणासाठी वेगळा दिवा किंवा मेसेज काही थोड्याच गाड्यांत येतो, बाकी सगळ्यांत झाकणाची तक्रार चेक इंजिनच्याच दिव्यावर येते, म्हणजे इंजिनचं पिवळं चित्र.

प्रश्न : आमचं नवापूर म्हणजे एक पाय महाराष्ट्रात, एक गुजरातमधे. पेट्रोल तिकडे स्वस्त म्हणून आम्ही सगळे तिकडेच भरतो आणि गेलोच आहोत तर तोंडोतोंड भरतो. हल्ली भरून निघालो की गाडी लवकर स्टार्ट होत नाही, दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो, आणि पेट्रोलचा वास येतो. झाकण तर मी स्वतः घट्ट लावतो. — एक वाचक, नवापूर

तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण नवापूरला रेल्वे स्टेशनसुद्धा अर्धं गुजरातमधे आणि अर्धं महाराष्ट्रात आहे, तिथे ही सवय एकट्या तुमची असणार नाही, आणि हीच सवय इकडे मुक्ताईनगरला बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्यांनाही असू शकते.

नोझल पहिल्यांदा टक करून बंद होतं तेव्हा टाकी भरलेली असते. वरची जी जागा रिकामी राहते ती कंपनीने मुद्दाम ठेवलेली आहे, वाफेसाठी आणि पेट्रोल फुगण्यासाठी. पेट्रोल गरम झालं की दर डिग्रीला साधारण हजारात एक भाग वाढतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून पेट्रोल तुलनेने थंड येतं आणि तुमची गाडी दुपारी उन्हात उभी राहते, समजा १५-२० डिग्रीचा फरक पडला तर ४० लिटरचं अर्धा ते पाऊण लिटर वाढतं. ते जाणार कुठे? वाफेच्या पाईपातून थेट कॅनिस्टरमधे. आणि कॅनिस्टरमधला कोळसा वाफ धरण्यासाठी आहे, पातळ पेट्रोल धरण्यासाठी नाही. एकदा तो ओला झाला की त्याची ताकद कमी होते, कधी कोळशाचे बारीक कण सुटून पुढे पर्ज व्हॉल्वमधे जाऊन बसतात आणि व्हॉल्व पूर्ण बंद होत नाही. मग टाकी भरली की वाफेचा लोंढा इंजिनमधे जातो, मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, आणि गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते. तुम्ही लिहिलेली लक्षणं हुबेहूब हीच आहेत.

आता पुढच्या वेळेपासून पहिल्या टकला थांबा. पंपावरचा मुलगा म्हणेल राऊंड फिगर करतो, त्याला प्रेमाने नको म्हणा, राऊंड फिगर पाहिजे असेल तर आधीच रुपये सांगून भरा, टाकी फुल करून मग राऊंड फिगर नको. काही वेळा नुसतं हे बंद केल्यावर कॅनिस्टर हळूहळू कोरडा पडतो आणि त्रास कमी होतो, पण तुमच्याकडे वास येतोय म्हणून वाट बघत बसू नका, पर्ज व्हॉल्व तपासून घ्या. जे एक-दीड लिटर जास्त बसतं त्यात वाचणारे थोडे रुपये आणि कॅनिस्टर-व्हॉल्वचा खर्च, हा हिशोब तुम्ही व्यापारी माणसं माझ्यापेक्षा चांगला कराल.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत असते. तिच्या गाडीत "झाकण तपासा" असा मेसेज आला आणि नंतर इंजिनचा दिवा. ती एकटी असते, तिला फोनवर काय सांगू? आणि असा मेसेज आपल्या गाडीत का येत नाही? — एक आई, अमळनेर

ताई, आधी हे सांगतो की घाबरण्यासारखं काही नाही, गाडी चालवायला सुरक्षित आहे, रस्त्यात बंद पडणार नाही. तिला फोनवर एवढंच सांगा की झाकण काढ, रिंग पूस, दोरी अडकली नाही ना बघ, टिकटिक होईपर्यंत फिरव आणि नेहमीसारखी गाडी वापर. मेसेज काही दिवसांनी जाईल. नाही गेला तर नवं झाकण घे, ते तिकडे ऑटो पार्टच्या दुकानात सहज मिळतं, आणि अशी बरीच दुकानं कोड फुकट वाचूनही देतात.

तिकडे हा विषय जास्त ऐकू येतो त्याला कारण आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाड्यांना ओबीडी-टू ही स्वतःला तपासणारी सिस्टिम सक्तीची झाली आणि तिने वाफेच्या लाईनमधलं साधारण १ मिलीमीटरचं भोकही पकडलं पाहिजे असा नियम आला, पुढे २००० च्या आसपासच्या मॉडेलपासून ती मर्यादा अर्ध्या मिलीमीटरवर आली. अर्धा मिलीमीटर म्हणजे शिवणाच्या बारीक सुईचं भोक. एवढी बारीक तपासणी असेल तर सैल झाकण लगेच सापडणारच. आपल्याकडचे गाड्यांच्या प्रदूषणाचे भारत स्टेजचे नियम युरोपच्या धर्तीवर आहेत, ओबीडी-टू आपल्याकडे २०१३ पासून आलं, पण युरोपच्या पद्धतीत वाफेच्या बाबतीत कमीत कमी पर्ज व्हॉल्वची वायरिंग तपासली तरी चालतं, गळती शोधलीच पाहिजे असं नाही. म्हणून आपल्याकडे काही मॉडेलमधे झाकण सैल राहिलं तर दिवा लागतो आणि कित्येक गाड्यांत झाकण आठवडाभर उघडं राहिलं तरी मीटर गप्प असतं. दिवा लागला नाही म्हणजे झाकण बरोबर आहे असं आपल्याकडे धरून चालू नये.

मुलीला अजून एक सांगा. तिकडे बऱ्याच राज्यांत ठरावीक काळाने प्रदूषणाची टेस्ट असते आणि इंजिनचा दिवा पेटलेला असला तर गाडी नापास होते. टेस्टच्या आदल्या दिवशी कोड उडवून जायची युक्ती चालत नाही, कारण कोड उडवला की गाडीच्या आतल्या तपासण्याही कोऱ्या होतात आणि मशीनला ते दिसतं. तारीख जवळ असेल तर झाकणाचं काम आत्ताच करून घेऊ दे.

प्रश्न : डिझेल गाडी आहे, चेक इंजिन लागलं म्हणून मोबाईलवर बघून झाकण बदललं, तरी दिवा तसाच. — एक वाचक, शिरपूर

डिझेल पेट्रोलसारखं उडत नाही म्हणून डिझेल गाडीला ही कोळशाची आणि पर्जची भानगडच नसते, झाकण बदलून दिवा जाणार नव्हता. तुमचा दिवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनमधे फिरवणारा व्हॉल्व), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा एखाद्या सेन्सरचा असू शकतो, गावातल्या गावात छोट्या फेऱ्या जास्त असतील तर डीपीएफवर माझा पहिला संशय. कोड वाचून घ्या, अंदाजाने पार्ट बदलू नका. जुनं झाकण चांगलं असेल तर फेकू नका.

प्रश्न : दुपारी पंपावर झाकण उघडलं की जोरात फुस्स आवाज येतो, मला भीती वाटते. आणि सकाळी घराखालच्या बंद पार्किंगमधे पेट्रोलचा वास असतो. दोन्हींचा संबंध आहे का? — एक वाचक भगिनी, चोपडा

ताई, फुस्स आवाज बहुतेक वेळा नॉर्मल आहे. टाकी बंद आहे, ऊन लागून वाफेचा दाब वाढलाय आणि झाकण उघडल्यावर तो सुटला, उलट झाकण नीट हवा धरतंय याचीच ती खूण. फक्त उन्हाळ्यात एका झटक्यात उघडू नका, थोडं फिरवून थांबा, आवाज संपला की पूर्ण काढा, आणि तोंड जवळ नेऊ नका.

वासाचं मात्र मी हलकं घेणार नाही. चांगल्या गाडीला बंद पार्किंगमधे पेट्रोलचा वास यायला नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते, आणि तुमच्या घराखाली इन्व्हर्टर, मोटारीचा स्टार्टर, देवापुढची समई असं काहीही असू शकतं. आजच गाडी बाहेर मोकळ्यात लावा. सकाळी गाडीखाली पुठ्ठा ठेवून बघा डाग पडतो का, टाकीच्या नळीला टाकीशी जोडणारा रबरी पाईप बघायला सांगा, तो उन्हाने तडकतो. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, जुन्या गाड्यांचे रबरी पाईप आणि रिंगा त्या हिशोबाने बनलेल्या नव्हत्या, तुमची गाडी जुनी असेल तर पाईप एकदा हात लावून तपासलेले बरे. ओला डाग दिसला तर गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

प्रश्न : प्रश्न कारचा नाही, ट्रॅक्टरचा आहे, चालेल ना? रोटाव्हेटर मारताना तासाभराने ट्रॅक्टर घुसमटतो आणि बंद पडतो. टाकीचं झाकण उघडलं की हवा आत ओढल्याचा आवाज येतो, मग परत मस्त चालतो. आमचा मिस्तरी म्हनस पंप बिघडी गया. — एक शेतकरी, शिंदखेडा तालुका

चालेल म्हणजे काय, अगदी बरोबर ठिकाणी आलात. आणि तुम्ही स्वतःच निदान करून पाठवलंय आप्पा, झाकण उघडल्यावर चालतो हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

कारच्या झाकणातून वाफ बाहेर जायला नको, ट्रॅक्टरच्या झाकणातून हवा आत यायलाच पाहिजे. टाकीतलं डिझेल जसं कमी होतं तशी तेवढी हवा आत आली नाही तर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि डिझेल पुढे सरकत नाही. त्यासाठी झाकणाला बारीक भोक किंवा आत जाळीची वाट असते. रोटाव्हेटरची धूळ, त्यावर डिझेलची ओल, की ती वाट बुजते. झाकण काढा, डिझेलमधे बुडवून ब्रशने धुवा, बारीक तारेने भोक मोकळं करा, हवा मारा, आणि उजेडाकडे धरून किंवा फुंकून बघा की वाट खरंच मोकळी झाली. भोक ड्रिलने मोठं करू नका, पावसाचं पाणी आणि माती आत जाईल आणि मग मिस्तरीचं म्हणणं खरं होईल, पंप खरंच जाईल. झाकण धुतल्यावरही बंद पडला तर टाकीच्या तळाची जाळी आणि डिझेल फिल्टर बघा, लाईनमधे हवा धरली असेल तर एअर काढावी लागेल. पंप खोलायचा तो या सगळ्यानंतर.

प्रश्न : पंपावर झाकण गाडीच्या टपावर राहिलं आणि रस्त्यात कुठेतरी पडलं. सध्या प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड लावलंय. दुकानात दोन-तीन प्रकारची झाकणं दाखवली, सगळी फिरून बसतात. कुठलं घेऊ? — एक वाचक, भुसावळ

आधी ती पिशवी काढायच्या तयारीला लागा, हे पत्र छापून येईपर्यंत तुम्ही काढली असेल अशी आशा करतो. पेट्रोलने पातळ पिशवी मऊ पडते, वळणावर पेट्रोल बाहेर येतं, धूळ आत जाते आणि पावसाळ्यात पाणी. कापडाचा बोळा तर त्याहून वाईट, तो पेट्रोल पिऊन बाहेरपर्यंत ओला होतो. झाकण मिळेपर्यंत गाडी उभी ठेवता आली तर उभी ठेवा.

फिरून बसतं म्हणजे बरोबर आहे असं नाही. कारच्या झाकणात आत स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व असतो, टाकीत दाब फार वाढला किंवा व्हॅक्यूम फार झाला तरच तो उघडतो, एरवी बंद. जुन्या कार्ब्युरेटरच्या काही गाड्यांची झाकणं हवा घेणारी होती, तसलं तुमच्या इंजेक्शनच्या गाडीला लावलं तर वाफ बाहेर जात राहील. आणि नुसतं बूच असलेलं, व्हॉल्व नसलेलं लावलं तर टाकीला अडीअडचणीला सुटका नाही. म्हणून दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून, शक्य असेल तर पार्ट नंबरने मागा, कंपनीचं किंवा चांगल्या मेकचं घ्या, दुकानासमोरच लावून बघा की ते टिक करतं का आणि वरचं पत्र्याचं फ्लॅप सहज बंद होतं का. काहीशे रुपयांची वस्तू आहे, तिथे पन्नास रुपये वाचवू नका. फ्लॅपच्या आतल्या बाजूला बऱ्याच गाड्यांत झाकण अडकवायला हुक किंवा खाच असते, ती शोधून ठेवा म्हणजे परत टपावर ठेवायची वेळ येणार नाही.

प्रश्न : झाकण नवं कोरं बसवलं, महिना झाला. कोड आधी पी०४५५ होता, उडवला, आता पी०४४२ येतो. मेकॅनिक म्हणतो टाकीत कॉम्प्रेसरने हवा मारून गळती शोधू. मारू देऊ का? — एक वाचक, पारोळा

नाही. कृपा करून मारू देऊ नका. ही लाईन फार कमी दाबाची आहे, टायरमधे आपण ३२-३३ पीएसआय भरतो, इथे गळती शोधतात तीही १ पीएसआयच्या आत. कॉम्प्रेसरची हवा सोडली तर कॅनिस्टर, पाईप, व्हॉल्व काहीही फुटेल, शिवाय पेट्रोलच्या वाफेत दाबाने हवा भरणं जिवाशी खेळ आहे. काडी पेटवून किंवा लायटरने गळती बघणारे महाभागही असतात, त्यांना गाडीजवळ उभं करू नका.

तुमच्या कोडमधे माहिती आहे. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे छोटी आणि पी०४५६ म्हणजे अगदी बारीक. मोठीची छोटी झाली, म्हणजे झाकण बदलल्याने फरक पडला असावा आणि अजून एक बारीक जागा राहिलीय. आधी नळीची कड बघा, तिथे गंज असेल तर नवं झाकणही नीट टेकणार नाही. मग पर्ज व्हॉल्व. इंजिन थंड असताना स्टार्ट करा, कॅनिस्टरकडून पर्ज व्हॉल्वला येणारा पाईप त्या टोकाला काढून व्हॉल्वच्या तोंडावर बोट ठेवायला सांगा. बहुतेक गाड्यांत स्टार्ट केल्या केल्या आयडलला तिथे ओढ लागायला नको, ओढ लागली तर व्हॉल्व उघडा अडकलाय. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि मेकॅनिकने तुमच्या समोर करावं.

मग मागचा व्हेंट, जो कॅनिस्टरच्या बाजूला असतो आणि बाहेरची हवा घेतो. तो गाडीच्या पोटाखाली असल्याने आपल्या शेतरस्त्यांची माती आणि पावसाळ्यातला चिखल सगळा त्याच्या वाट्याला येतो, आणि गाडी बरेच दिवस उभी असेल तर कुंभारीण माशी त्या पाईपच्या तोंडात मातीचं घर बांधते. तोंड बुजलं तर व्हॉल्वला काम करता येत नाही, आणि माती व्हॉल्वच्या बैठकीवर बसली तर तो पूर्ण बंद होत नाही, हीच तुमची छोटी गळती असू शकते.

हे सगळं ठीक निघालं तर स्मोक टेस्ट करा. मशीनमधून अगदी कमी दाबाने धूर लाईनमधे सोडतात आणि जिथून धूर निघतो ती जागा डोळ्याला दिसते, त्यात अंदाज राहत नाही. प्रत्येक गॅरेजला हे मशीन नसतं, तुमच्या जवळ नसेल तर धुळे किंवा जळगावला आधी फोन करून विचारा आणि मगच गाडी न्या. तिथे उभे राहा, धूर कुठून निघतो ते स्वतः बघा आणि मोबाईलमधे फोटो काढून घ्या, म्हणजे जो पार्ट बदलायचा तो त्याच जागेचा आहे हे तुम्हालाही माहीत असेल.

तोपर्यंत गाडी वापरायला हरकत नाही, फक्त वास यायला लागला तर थांबा. आणि रोज वापरायची गाडी असेल तर ब्लूटूथचा ओबीडी डोंगल घेऊन ठेवा, पाचशे-हजारात मिळतो, स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचा सॉकेट असतो त्यात बसतो आणि मोबाईलवर कोड दिसतो. फक्त डोंगल कायम लावून ठेवू नका, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.